क्लबमधून निघालेले एअर पिस्तूल आणि त्याचा जड ट्रिगर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये एका क्लबने वापरातून काढलेले 10 मीटर नेमबाजी प्रकारातील जुने एअर पिस्तूल मी विकत घेतले. नव्या पिस्तुलाची किंमत मला परवडणारी नव्हती, आणि नळी उत्तम आहे असा निर्वाळा माझ्या प्रशिक्षकांनी स्वतः पाच-पाच शॉटचे गट पाडून दिला होता. त्रुटी एकच होती, ट्रिगर जड होता. पुण्यात कोथरूडहून बालेवाडीला जाऊन 60 शॉटचा पूर्ण सराव केला की शेवटच्या वीस शॉटमध्ये तर्जनी अक्षरशः भरून येत असे, आणि उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने ट्रिगर झटक्याने ओढला की जे होते तेच माझे होई : शॉट खाली आणि डावीकडे जात.

या प्रकारात ट्रिगरचे वजन, म्हणजे तो सुटण्यासाठी लागणारा जोर, किमान 500 ग्रॅम असावे लागते. तपासणीत पिस्तूल कॉक करून, म्हणजे शॉटसाठी ताणून, नळी उभी धरतात, ट्रिगरला 500 ग्रॅमचे प्रमाणित वजन अडकवून उचलतात, आणि तेवढ्याने ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास होते. माझ्या ट्रिगरचे वजन नेमके किती आहे हे पाहण्यासाठी मी घरीच सोय केली. पाण्याच्या बाटलीला तारेचा आकडा बांधून तो ट्रिगरच्या मध्यावर अडकवला, पिस्तुलात छर्रा नाही याची दोनदा खात्री केली, आणि धाकट्या बहिणीने चमच्याचमच्याने बाटलीत पाणी ओतले. "दादा, बस, सुटला," असे ती म्हणाली की बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची. पाच वेळा मोजल्यावर आकडे 690 पासून 770 पर्यंत आले. सरासरी जास्त होती हे तर दिसतच होते, पण मला अधिक खटकला तो या आकड्यांमधला 80 ग्रॅमचा फरक, कारण प्रत्येक शॉटला वेगळे वजन असेल तर बोटाला सवय तरी कशाची लावायची?

स्प्रिंगला हात लावण्याची घाई केली नाही, याचे मला आजही समाधान वाटते. ग्रिप काढून पाहिल्यावर ट्रिगरच्या सांध्यांवर जुने तेल शिशाच्या धुळीत मिसळून काळ्या मेणासारखे घट्ट बसलेले आढळले. कोणीतरी वर्षानुवर्षे वरून तेल सोडले होते, पण आधीचे कधी पुसले नव्हते. कानात घालायच्या कापसाच्या काड्यांनी ते सगळे काढायला एक संध्याकाळ गेली. नंतर सुईच्या टोकावर मावेल एवढेच पातळ तेल प्रत्येक सांध्याला दिले. पुन्हा मोजले तेव्हा वजन 640 ते 655 च्या दरम्यान आले, म्हणजे एकही स्क्रू न फिरवता सुमारे 80 ग्रॅम उतरले आणि फरकही जवळजवळ गेला.

त्यापुढचे काम समायोजनाचे. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये बोट आधी हलके सरकते, मग एका अडथळ्याला (त्याला भिंत म्हणतात) टेकते आणि त्यापुढे जोर दिला की शॉट सुटतो; पहिल्या टप्प्याचे आणि दुसऱ्या टप्प्याचे वजन मिळून एकूण वजन होते. माझ्या पिस्तुलात पहिला टप्पा 300 ग्रॅमच्या आसपास होता आणि उरलेला सगळा भार दुसऱ्यावर, त्यामुळे बोट भिंतीला टेकल्यावर नव्याने जोर लावावा लागे आणि तिथेच नेम हलत असे. बोहरी आळीतून आणलेल्या बारीक अ‍ॅलन की वापरून, प्रत्येक वेळी पाव फेराच फिरवत आणि वहीत टिपून ठेवत, मी पहिला टप्पा 390 वर नेला आणि दुसरा 112 वर आणला.

इथे माझी चूक झाली. घरचा काटा 5 ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो आणि मी मात्र 502 वर विसंबून राहिलो. पहिल्याच स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर वजन उचलताच ट्रिगर सुटला. तिथेच स्क्रू फिरवून पुन्हा तपासणी करून घेतली खरी, पण अनोळखी झालेल्या ट्रिगरवर पहिले दहा शॉट गेले ते गेलेच. तेव्हापासून क्लबमधल्या प्रमाणित वजनावर तपासून मी 515 च्या खाली जात नाही.

सीअरच्या, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत ताणलेली यंत्रणा अडवून धरणाऱ्या खटक्याच्या, पकडीचा स्क्रू हा सगळ्यांत नाजूक भाग आहे. पकड कमी केली की ट्रिगर काच तुटावी तसा झटकन आणि स्वच्छ सुटतो, मोह होतो, पण ती फार कमी झाली तर नुसते कॉक करतानाही पिस्तूल सुटू शकते. मी बदल केल्यावर छर्रा न घालता, नळी टार्गेटच्याच दिशेला ठेवून, लीव्हर वीस वेळा जोरात बंद करून पाहिले. एकदा जरी सुटले असते तरी स्क्रू मूळ जागी नेला असता. सीअर घासणे किंवा स्प्रिंग कापणे हे उद्योग मात्र कोणीही करू नयेत, आणि परवान्याच्या पिस्तुलाला तर घरी हात लावूच नये, कारण अग्निशस्त्राच्या दुरुस्तीसाठी 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना असलेलाच कारागीर लागतो.

सगळ्यांत मोठा फरक मात्र वजनाने पडला नाही. माझी बोटे आखूड आहेत. ट्रिगरचे पाते पट्टीवर 4 मिलिमीटर मागे घेतल्यावर नुसत्या टोकाऐवजी बोटाच्या पहिल्या पेराची गादी त्यावर सरळ बसू लागली, आणि तोच 515 ग्रॅमचा ट्रिगर आधीपेक्षा हलका वाटू लागला. जुने पिस्तूल घेणाऱ्याने स्क्रूला हात लावण्याआधी हे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

पावसाळ्यात वजन दोनदा 10-12 ग्रॅमनी वाढलेले दिसले, दोन्ही वेळा पुसून तेल दिल्यावर ते जागेवर आले. नोव्हेंबरपासून स्क्रू हलवलेला नाही. सरावातली माझी सरासरी 600 पैकी 541 होती, ती आता 553 आहे, आणि खाली-डावीकडे जाणारे शॉट शेवटच्या वीसमध्ये एखाददुसरेच दिसतात. आता बदलायचे राहिले आहे ते हवेचे सिलिंडर, कारण त्यावर कोरलेल्या तारखेपासूनची दहा वर्षांची मुदत येत्या एप्रिलमध्ये संपते आहे.