कॅनडाचा सीओपीआर आला: सॉफ्ट लँडिंग करून परत यायचं की एकदमच बिऱ्हाड हलवायचं?

सीओपीआर म्हणजे कॅनडात कायमचं राहायची (पीआर) मंजुरी मिळाल्याचा कागद. तिथे जाऊन पीआर म्हणून नोंद करून घेणं म्हणजे लँडिंग, आणि तेवढंच करून परत येणं म्हणजे सॉफ्ट लँडिंग. आमच्या घरात हे दोन्ही प्रकार झालेत, म्हणून लिहितेय. आम्ही ठाण्यात, कासारवडवलीला राहतो. मे २०२४ मध्ये आम्ही तिघं टोरांटोला जाऊन लँडिंग करून सोळा दिवसांत परत आलो. माझा धाकटा दीर खारघरला राहायचा, तो, जाऊ आणि दोन्ही मुलं त्याच वर्षी १४ ऑगस्टला सगळं आवरून कायमचे गेले. आता ओळखीत कुणाचा सीओपीआर आला की पहिला फोन मला येतो की ताई, काय करू, आणि प्रत्येक वेळी तेच सगळं सांगताना काहीतरी राहून जातं.

आधी तारखेचं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. सीओपीआरवर जी एक्सपायरी असते त्या दिवसाच्या आत तुम्ही कॅनडात पाऊल ठेवायचं असतं, आणि ती तारीख वाढवून मिळत नाही. नोकरीचं कारण चालत नाही, मुलांची परीक्षा चालत नाही. तारीख गेली की अर्ज परत पहिल्यापासून. ही तारीख साधारणपणे दोन गोष्टींवरून ठरते, एक म्हणजे मेडिकल, म्हणजे अर्जासाठीची वैद्यकीय तपासणी, जी केल्या दिवसापासून १२ महिने चालते, आणि दुसरी म्हणजे पासपोर्टची मुदत. यातली जी आधी संपेल ती. ऑगस्ट २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीवाल्यांना (नोकरी-शिक्षणाच्या गुणांवर पीआर मिळवणाऱ्यांना) मेडिकल अर्जाच्या आधीच करावी लागते, म्हणजे अर्जाला जे सहाएक महिने लागतात ते त्याच १२ महिन्यांतून वजा होतात, आणि हातात उरतात चार-पाच महिने. आमच्या वेळेपेक्षा आता घाई जास्त आहे हे धरूनच पुढचं वाचा.

आमचं काय झालं ते सांगते. पासपोर्ट कुरिअरनं घरी आले तो शनिवार होता, जानेवारीचा शेवट. डायनिंग टेबलावर तिघांचे कागद शेजारी शेजारी लावले. माझ्यावर २१ ऑगस्ट, नवऱ्यावर २१ ऑगस्ट, आणि मुलीच्या कागदावर ११ जून. मी तो कागद उलटसुलट करून तीनदा वाचला. मग लक्षात आलं की लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि तिचा २०१९ च्या जूनमध्ये काढलेला होता. आमची फाइल ज्यांनी केली त्यांनी हे एकदाही सांगितलं नाही, आणि आम्हालाही सुचलं नाही. अर्जाच्या आधी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन तिचा पासपोर्ट रिन्यू केला असता तर आम्हाला सव्वादोन महिने जास्त मिळाले असते. त्यामुळे ज्यांचा अर्ज अजून जायचाय त्यांनी आज मुलांच्या पासपोर्टवरची मुदत संपायची तारीख बघा, प्लीज.

माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा, मुलीची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलेलं. जूनच्या ११ तारखेच्या आत घर आवरून कायमचं जाणं शक्यच नव्हतं, म्हणून सॉफ्ट लँडिंग. दिराच्या कागदावर ऑक्टोबर होता, त्याला सहा-सात महिने सरळ मिळाले, त्यानं ते नीट वापरले.

सॉफ्ट लँडिंगचा फायदा काय तर नोकरी सोडावी लागत नाही. मी सुट्टी टाकून गेले. एअरपोर्टवर ऑफिसरनं कागद बघितले, पैशांचा पुरावा मागितला, सामानाची यादी घेतली, सही केली, झालं. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस कॅनडाच्या सरकारी ऑफिसात जाऊन सिन नंबर (तिथे नोकरीला आणि टॅक्सला लागतो तो) काढला, तो तिथल्या तिथे मिळतो. बँकेत खातं उघडलं. शाळा बघितल्या, भाड्याची घरं बघितली, मे महिना असल्यामुळे हवा बरी होती. मुलीनं तिथली लायब्ररी बघितली आणि परत आल्यावर महिनाभर तेच बोलत होती. जागा डोळ्यांनी बघून येणं याला किंमत आहे, ते मी नाकारत नाही.

पण खर्च बघा. तिघांची सुट्टीतली रिटर्न तिकिटं आणि तिथलं राहणं मिळून आमचे पाच लाखांच्या वर गेले, आणि कायमचं जाताना तिकिटाचा खर्च परत आहेच.

आणि पैशांपेक्षा मोठी गोष्ट, जी मला आधी कुणी समजावून सांगितली नाही, ती म्हणजे सॉफ्ट लँडिंगनं एक डेडलाइन संपते आणि तीन नवीन सुरू होतात. पहिली पीआर कार्डाची. कार्ड फक्त कॅनडातल्याच पत्त्यावर येतं, भारतात पाठवत नाहीत. लँडिंगनंतर १८० दिवसांत पत्ता दिला नाही तर कार्डासाठी वेगळा अर्ज आणि ५० डॉलर फी. आम्ही मिसिसागाच्या मैत्रिणीचा पत्ता दिला. सात आठवड्यांनी तिच्याकडे तीन पाकिटं आली, आणि तिची आई ऑक्टोबरमध्ये ठाण्याला परत आल्या तेव्हा पर्समध्ये रुमालात गुंडाळून घेऊन आल्या. तोपर्यंत माझ्या जिवाला घोर, कारण ते कार्ड नसेल तर कॅनडाच्या फ्लाइटला चढूच देत नाहीत, मग बाहेरून ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी अर्ज करत बसा. तिथे अगदी विश्वासाचं माणूस नसेल तर सॉफ्ट लँडिंग करूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी डेडलाइन ७३० दिवसांची. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं, आणि पाच वर्षं मोजायला सुरुवात होते ती लँडिंगच्या दिवसापासून, कायमचं गेल्याच्या दिवसापासून नाही. आमचं लँडिंग ४ मे २०२४ चं, म्हणजे ४ मे २०२९ पर्यंतचा हिशोब. आमची तिकिटं ऑगस्ट २०२६ ची आहेत, त्यानंतर हजाराला थोडे कमी दिवस उरतात, त्यातले ७३० तिथे काढायचे, म्हणजे मध्ये इकडे येऊन राहायला अडीचशेक दिवस मिळतील. सासूबाईंचं वय बघता मला ते कमीच वाटतात. कार्डावर पाच वर्षांची तारीख असते म्हणून लोक निवांत राहतात, पण कार्डाची मुदत वेगळी आणि राहण्याची अट वेगळी.

तिसरी डेडलाइन कागदावर नसते. परत आल्यावर रोजचं आयुष्य सुरू होतं, नवऱ्याला महापेच्या ऑफिसात प्रमोशन मिळालं, मुलीची स्कॉलरशिपची परीक्षा आली, गणपती आले, दिवाळी आली, आणि जाणं पुढे पुढे सरकत गेलं. आम्ही डिसेंबर २०२४ म्हणत होतो, ते ऑगस्ट २०२६ झालं. घरात नवीन सोफा घ्यायचा की नाही हेही दोन वर्षं ठरत नव्हतं. मुलगी विचारायची, आई, मी पुढच्या वर्षी याच शाळेत असणार ना. त्या प्रश्नाला दोन वर्षं माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि या सगळ्यात मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला.

आता दिराकडचं. त्यानं कागद आला त्याच आठवड्यात भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि ऑक्टोबरपासून मागे मोजत आला. शाळा तिकडे सप्टेंबरमध्ये सुरू होतात म्हणून ऑगस्टचा मध्य पकडला, त्याच्या ९० दिवस आधी राजीनामा, त्याच्याही आधी फ्लॅटचं काम. खारघरचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा ठरला, तेव्हा वडिलांच्या नावानं कुलमुखत्यारपत्र इथेच रजिस्टर करून टाकलं. हे फार शहाणपणाचं केलं, कारण तिकडे गेल्यावर तेच करायचं तर कॉन्सुलेट, कुरिअर, इथे आल्यावर परत स्टॅम्प ड्युटी, असा मोठा फेरा पडतो. मुलांच्या लसीकरणाची सगळी माहिती डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप करून घेतली, ओंटारिओत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, शाळा ती मागतात. गाडीच्या लायसन्सचं एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे लायसन्स कधीपासूनचं आहे त्याचा अधिकृत उतारा, आरटीओतून काढलं.

एकदम गेल्यावर ७३० दिवसांची चिंता राहतच नाही, दोन वर्षं राहिलात की त्या पाच वर्षांपुरतं झालंच. पीआर कार्ड स्वतःच्या पत्त्यावर येतं. ओंटारिओत हेल्थ कार्डाला (सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाला) आता थांबावं लागत नाही, २०२० मध्ये ती तीन महिन्यांची अट काढली. ब्रिटिश कोलंबियाला जाणार असाल तर मात्र आलात तो महिना आणि पुढचे दोन असं थांबावं लागतं, तेवढ्यासाठी प्रायव्हेट इन्शुरन्स काढूनच निघा. सॉफ्ट लँडिंगमध्ये हेल्थ कार्डाच्या मागे लागूच नका, कारण ओंटारिओत ते ठेवायला १२ महिन्यांत १५३ दिवस तिथे असावं लागतं.

त्रास त्यांनाही झाला. नोकरी हातात नसताना गेले, दिराला मनासारखं काम मिळायला सात महिने लागले, तोवर जाऊ एका दुकानात उभी राहून काम करत होती, आणि पहिल्या हिवाळ्यात रात्री दोन-दोन वाजता तिचा मला फोन यायचा. घर भाड्यानं घेताना पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं एकदम द्यावं लागलं. इथून नेलेले पैसे किती पटकन संपतात हे त्यांच्याकडूनच कळलं, त्यामुळे दाखवायला लागणाऱ्या रकमेवर जाऊ नका, नोकरीशिवाय आठ-नऊ महिने निघतील एवढे पैसे असतील तरच एकदम जा.

पैशांवरून आठवलं, टॅक्सचा भाग दोन्हींत बराच वेगळा पडतो. दीर ऑगस्टमध्ये गेला, त्यामुळे त्या आर्थिक वर्षात भारतात त्याचे १८२ दिवस झालेच नाहीत आणि तो त्या वर्षासाठी एनआरआय ठरला. कायमचं जायचं असेल आणि तारीख आपल्या हातात असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा लागायच्या आधीच निघा, सीएला विचारून घ्या. सॉफ्ट लँडिंगवाले मात्र इथलेच रेसिडेंट राहतात. त्याचा एक फायदा आहे, एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत पैसे बाहेर पाठवले तर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो टॅक्स) लागत नाही, त्याच्या वरच्या रकमेवर २० टक्के कापतात, ते रिटर्न भरल्यावर परत मिळतात खरे पण तोवर अडकून राहतात. आम्ही थोडे या मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये असे दोन वर्षांत विभागून पाठवतोय. एकदम जाणाऱ्याला हे तेवढं सोयीनं जमत नाही. आणि फ्लॅट विकायचाच असेल तर एनआरआय व्हायच्या आधी विका, रेसिडेंट विकणारा असेल तर घेणारा फार तर १ टक्का टीडीएस कापतो, एनआरआय असेल तर खूप जास्त.

सोनं. सॉफ्ट लँडिंगला जातानाच मागून येणाऱ्या सगळ्या सामानाची यादी द्यायची असते, बीएसएफ १८६ नावाचा फॉर्म आहे. दागिने नेले नाहीत तरी त्या यादीत लिहा, फोटो आणि किंमत लावून. मी माझं मंगळसूत्र, पाटल्या, आईची ठुशी सगळं लिहिलं, प्रत्येकाचा फोटो स्वयंपाकघराच्या ओट्यावर पांढऱ्या रुमालावर ठेवून काढला. नंतर नेताना ड्युटी लागायला नको म्हणून. आणि दागिने सोबत नेऊन परत आणायचे असतील तर निघताना मुंबई एअरपोर्टवर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर येताना इथेच प्रश्न विचारतात.

मग कुणी काय करावं. तारखेला पाच महिने किंवा जास्त उरलेत, पैसे आहेत, आईवडिलांचं तब्येतीचं काही मोठं नाही, तर एकदमच जा. माझं मत आज विचाराल तर हेच आहे, आम्ही उलट केलंय तरी. सॉफ्ट लँडिंग तेव्हाच करा जेव्हा खरंच दुसरा मार्ग नाही, आणि तेव्हाही परत यायच्या आधी कायमचं जायचा महिना कागदावर लिहून, दोघांनी मान्य करून या. तो महिना लिहिता येत नसेल तर पाच लाख खर्च करायच्या आधी नवराबायकोनं बसून बोलायला हवं की आपल्याला जायचंय का नक्की.

मधला एक मार्ग पण आहे जो ऐरोलीच्या माझ्या एका कलीगनं केला: सगळे एकत्र गेले, सगळ्यांचं लँडिंग झालं, तो तिथेच थांबून नोकरी शोधायला लागला आणि बायको-मुलं परत येऊन शाळेचं वर्ष संपवून गेली. ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत त्यांना हे मला सगळ्यात बरं वाटतं. फक्त एक लक्षात ठेवा, मुख्य अर्जदारानं आधी किंवा सोबतच लँड व्हायला हवं, बायको-मुलं त्याच्या आधी जाऊन चालत नाही. आमच्याकडे मुख्य अर्जदार मी होते, त्यामुळे नवरा आधी जाऊन जागा बघून येतो म्हणत होता ते जमलंच नसतं. आणि कागद आल्यानंतर पण लँडिंगच्या आधी लग्न झालं किंवा बाळ झालं तर ते निघायच्या आधी कळवाच, लपवलेल्या किंवा सांगायच्या राहिलेल्या माणसाला नंतर सहसा स्पॉन्सर करून तिकडे बोलावता येत नाही, मग ते स्वतःचं मूल असलं तरी.