वूफरची कड: नवे स्पीकर, जुने स्पीकर आणि चौदा महिने

चौदाव्या महिन्यात नव्या ॲक्टिव्ह (ॲम्प्लिफायर आतच असलेल्या) जोडीतला डावा स्पीकर मुका झाला. वॉरंटी बाराव्या महिन्यात संपलेली. सर्व्हिसवाल्याने उघडून सांगितलं, ॲम्प, डीएसपी (आवाजाला आकार देणारी डिजिटल चिप), पॉवर सप्लाय सगळं एकाच बोर्डावर आहे. दुरुस्ती होत नाही, बोर्डच बदलावा लागेल, आणि तो सध्या येत नाही. खालच्या सुरांचा वूफर ठणठणीत, वरच्या सुरांचा ट्वीटर ठणठणीत, पेटीवर ओरखडा नाही, तरी स्पीकर निकामी. याचा मला अजून राग आहे.

मग वडिलांची सत्तरच्या दशकातली जोडी माळ्यावरून खाली काढली. दहा इंची वूफर, बंद पेटी. जाळी काढून वूफरच्या कडेला बोट लावलं, तर फोमची चिकट भुकटी हाताला लागली.

ही कड म्हणजे कोन (पुढेमागे हलून आवाज करणारा कागदी शंकू) आणि लोखंडी चौकट यांना जोडणारी मऊ रिंग. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत सडतो; स्पीकर वाजवा नाहीतर झाकून ठेवा, पंधरा-वीस वर्षांत तो जायचाच. कापडाची किंवा रबराची कड कितीतरी जास्त टिकते. नवी रिंग मापाची मिळाली, पण खरं काम जुना गोंद काढण्याचं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, कागदाचा कोन न फाडता, एकेका वूफरला दोन संध्याकाळी गेल्या. मधली टोपी कापून व्हॉइस कॉइलभोवती (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या खोचल्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्यावर राहते. पहिल्या वूफरला मी पट्ट्या घाईने काढल्या आणि कॉइल घासून खरखर आली. सगळं उचकटून पुन्हा चिकटवलं. दुसऱ्यांदा पूर्ण दिवस वाळू दिलं, मगच हात लावला.

वाजवल्यावर पहिला महिना मी सगळ्यांना सांगत होतो, जुन्या स्पीकरचा गोडवा नव्यात नाही. हे मत आता मागे घेतो. क्रॉसओव्हरमधले (वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणारं सर्किट) इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्रव असलेले, कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकले होते. त्यांचा अंतर्गत रोध वाढला, की ट्वीटरपर्यंत सिग्नल कमी पोहोचतो. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचे फिल्म कपॅसिटर घातले आणि तंबोऱ्याच्या तारांची जवार एकदम पुढे आली. ज्याला मी गोडवा म्हणत होतो, तो निम्मा बिघाड होता. एक लक्षात ठेवा: फिल्म कपॅसिटरचा रोध इलेक्ट्रोलिटिकपेक्षा कमी असतो, त्यामुळे ट्वीटर जरा जास्तच तिखट होऊ शकतो. मला सिरीजमध्ये छोटा रेझिस्टर टाकावा लागला.

उरलेला निम्मा गोडवा मात्र खरा आहे, आणि तो खालच्या सुरांत आहे. १९५४ साली अमेरिकन संशोधक एडगर विलचरने एआर-१ या स्पीकरमध्ये बंद पेटीतल्या हवेलाच कोनाची स्प्रिंग केलं, माझी पेटी त्याच घराण्यातली. दहा इंची कोनाचं क्षेत्रफळ पाच इंचीच्या साधारण चौपट, म्हणजे तेवढ्याच आवाजाला त्याला पाव हालचाल पुरते. नवी जोडी हळू आवाजात डीएसपीच्या जोरावर आश्चर्य वाटावं इतकी खोल जायची, पण आवाज वाढवला की वूफर वाचवण्यासाठी आपणहून बास कापायची. पखवाजाची थाप तिथे पोकळ व्हायची. जुन्यावर ती होत नाही.

नव्या जोडीची एक गोष्ट मात्र मला रोज आठवते. खोलीत कुठेही बसलं तरी गाणाऱ्याचा आवाज तोच. जुन्यात दहा इंची वूफर वरचे मध्यसूर समोर झोतासारखे फेकतो. सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याला गळा दबलेला ऐकू येतो. घरात मधल्या जागेवरून कुरबुर चालू असते आणि ती रास्त आहे. फक्त मोजमापं बघून निवडायचं असेल, तर मी आजही नवेच सुचवेन.

तरी पैसे द्यायची वेळ आली, तर पुन्हा एकाच बोर्डावर सगळं असलेली जोडी मी घेणार नाही. पॅसिव्ह पेटी आणि वेगळा ॲम्प, कड रबराची. जुनं घेणाऱ्यांनी आधी जाळी काढायला सांगावं आणि कडेला हलकेच बोट लावून बघावं. विकणारा नको म्हणाला तर तिथेच थांबावं.

मुक्या स्पीकरचे ड्रायव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटर, काढून ठेवलेत. त्यांच्यासाठी साधा पॅसिव्ह क्रॉसओव्हर बसतो का, ते बघतोय. वूफर मोजून झालाय, ट्वीटर राहिलाय.