कोंबड्यांच्या पाण्याला काय बरं: परळ, तेलाचा कॅन की निपलची बादली?

सकाळी सातला भरलेल्या परळात, म्हणजे मातीच्या पसरट भांड्यात, अकरा वाजता काय असतं, हे कोंबड्या पाळणाऱ्याला सांगायला नको. दोन बोटं पाणी, त्यात उकरलेली माती, आणि काठावर चढून एखादीनं टाकलेली शीट. मग घरच्या घरी काहीतरी करावं असं वाटतं आणि दोन वाटा दिसतात: तेलाच्या कॅनला भोक पाडून तो ताटात ठेवायचा, नाहीतर बादलीला निपल, म्हणजे चोच लागली की थेंब सोडणाऱ्या छोट्या तोट्या, लावायचे. तिन्ही प्रकार आमच्या परड्यात वापरून झालेत.

आधी हिशेब. मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, एप्रिल-मेमध्ये दुप्पट धरा. आठ कोंबड्यांना एरवी २ लिटर, उन्हाळ्यात ४. म्हणजे २० लिटरची बादली भरून ठेवली तर पावसाळ्यात ती दहा दिवस पुरेल, आणि एवढे दिवस पुरणं हेच वाईट. पाणी शिळं होतं, आतून हिरवी बुळबुळ धरते. घरच्या कोंबड्यांना ५ लिटर पुष्कळ झालं. कमी मात्र पडू देऊ नका. अंड्यात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. पाणी तुटलं की अंडी तुटली.

परळाबद्दल फार बोलायला नको. खानापूरच्या मातीचं परळ गार राहतं, जड असतं, सहसा उलटत नाही. पिलं असतील तर त्यात खडे टाका, नाहीतर बुडून मरतात. दिवसातून तीनदा घासून भरणारं माणूस घरात असेल तर दुसरं काही करूच नका. आमच्या काकी होत्या तोवर आम्हीही केलं नाही.

तेलाचा कॅन

५ लिटरचा खाद्यतेलाचा कॅन घ्या, गरम पाणी आणि सोड्यानं तेलकटपणा जाईपर्यंत धुवा. शेतातल्या औषधाचा किंवा तणनाशकाचा कॅन दहा वेळा धुतला तरी घेऊ नका. रंगाची बादलीसुद्धा नको. कॅनच्या बुडापासून बोटभर वर, तापवलेल्या खिळ्यानं एक भोक पाडा. खाली ठेवायचं ताट कॅनपेक्षा चार बोटं रुंद हवं आणि त्याचा काठ भोकाच्या वर यायला हवा. इथंच बहुतेक लोक चुकतात: काठ खाली राहिला की सगळं पाणी वाहून जातं.

भोकावर बोट धरून कॅन भरा, टोपण घट्ट लावा, बोट काढा. ताटात पाणी चढतं, भोक बुडतं, आत हवा जायची बंद होते आणि पाणी थांबतं. कोंबड्या प्यायल्या की भोक उघडं पडतं, हवेचा बुडबुडा आत जातो, तेवढं पाणी खाली येतं. सगळा खेळ टोपणावर आहे. ते जरा जरी हवा घेत असलं तर ताट भरून वाहायला लागतं. सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून टोपणात बसवला की काम होतं.

आणखी एक. अर्धा रिकामा कॅन उन्हात राहिला की आतली हवा तापून फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. ‘गळतोय’ म्हणून मी एक चांगला कॅन फेकून दिला होता. गळत नव्हता, ऊन खात होता. सावलीत ठेवा, वर ओलं बारदान टाका. शेवाळही कमी धरतं. खाली एक चिरा ठेवून ताटाचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणला की माती कमी पडते. पिलांचं वेगळं, जमिनीवर, खडे टाकून. ताट मात्र रोज धुवावंच लागतं.

निपलची बादली

स्वच्छतेत हिच्या जवळ कुणी येत नाही. निपलची दांडी चोचीनं हलवली की थेंब येतो. पाणी झाकलेलं, माती नाही, शीट नाही. बुडाला लावायचे उभे निपल आणि बाजूला लावायचे आडवे, असे दोन प्रकार मिळतात. उभ्यांना बादली डोक्याच्या वर टांगावी लागते आणि खाली थोडी ठिबक होतेच. आडवा घ्या, बादली चिऱ्यावर ठेवता येते. आठ कोंबड्यांना दोन निपल लावा. एक तुंबला तर दुसरा असतो.

पण कॅनचा नियम इथं बरोबर उलटा आहे. तिथं वरून हवा जाता कामा नये, इथं जायलाच हवी. झाकणाला बारीक भोक नसेल तर थोडं पाणी गेल्यावर निपल बंद पडतात. मी पहिल्यांदा झाकण दाबून बसवलं, घट्ट बसलं म्हणून खूशही झालो. संध्याकाळी बादली भरलेली आणि कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या. परळ रिकामं दिसतं, ताट रिकामं दिसतं. निपल बंद पडलेला दिसत नाही. बोअरच्या क्षारानंही तो अडकतो. म्हणून रोज बोटानं दाबून बघायचं.

शिवाय मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबड्या निपलकडे ढुंकूनही बघत नाहीत. मोरीचं पाणी, जनावरांची डोण, धुण्याच्या दगडाजवळचं डबकं सोडून त्या चोच वर करून थेंब कशाला पितील? गिरिराजासारख्या सुधारित जातीच्या कोंबड्या जाळीत बंद असतील तर दुसरं पाणी काढून घ्या, निपल दाबून थेंब दाखवा. दोन-तीन दिवसांत एक शिकते, बाकीच्या तिचं बघून शिकतात.

मग कुठं काय?

जांबोटी-कणकुंबीकडं पावसात कोंबड्या दिवसच्या दिवस खुराड्यात राहतात. तिथं ताट सांडलं की खालचं भाताचं तूस भिजतं, आणि ओल्या तुसातून रक्ताची हगवण लागायला वेळ लागत नाही. तिथं मी निपलच लावीन. अथणी-रायबागच्या उन्हात मात्र कोंबडीला थेंबापेक्षा घोटभर पाणी बरं, म्हणजे सावलीतला कॅन. बेळगाव-खानापूरच्या मोकळ्या परड्यालाही कॅनच.

पाण्यातून मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस द्यायची असेल त्या दिवशी मात्र परळ काढा. लसीचं पाणी मोजून, दोन तासांत संपेल एवढंच द्यायचं असतं. बादलीत किती उरलं ते कळत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यानं लस मरते, तेव्हा विहिरीचं वापरा.

आणि सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला दोन दिवस घर बंद ठेवून जायचं असेल, तर कॅन दोन ठेवा, एकमेकांपासून लांब. एक कोंबड्यानं पाडला तरी दुसरा राहतो.