पेनपॉट: प्रकल्पासाठी उत्तम, पण पहिल्या आठवड्यात उघडू नका

माहिती प्रणालीचं विश्लेषण आणि आराखडा हा विषय वापरकर्त्याला मध्यभागी ठेवून शिकवला जातो तिथे प्रकल्प हाच खरा अभ्यास असतो. बेळगावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत किंवा राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या बीसीए-एमसीए वर्गांत असा प्रकल्प करणाऱ्या गटासाठी पेनपॉट हे ॲपचे पडदे (स्क्रीन) रेखाटून एकमेकांना जोडायचं आज सगळ्यात सोयीचं साधन आहे. ब्राउझरमध्ये चालतं, मुक्त स्रोत आहे, विद्यार्थ्यांच्या गटाला मोफत योजना पुरते, आणि महाविद्यालयाला हवं तर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. तरीही आमचा पहिला सल्ला असा, की सत्राच्या सुरुवातीला ते उघडूच नका.

त्याचं कारण या साधनाच्या गुणातच आहे. पेनपॉटमध्ये तासाभरात नीटनेटका, रंगीत पडदा तयार होतो. तो समोर ठेवला की माणसं रंगावर, चित्रावर बोलतात; 'आमचं काम असं चालतच नाही' हे सांगायला संकोचतात, कारण समोरची वस्तू पूर्ण झालेली दिसते. वापरकर्ता-केंद्री आराखड्याच्या आयएसओ ९२४१-२१० या आंतरराष्ट्रीय मानकात (२०१०, सुधारित आवृत्ती २०१९) चार कामं सांगितली आहेत: वापराची परिस्थिती समजून घेणं, वापरकर्त्याच्या गरजा ठरवणं, आराखडा करणं आणि तो तपासणं. पेनपॉट तिसऱ्या कामाचं साधन आहे, चौथ्याला थोडी मदत करतं. पहिल्या दोन कामांत त्याचा काही उपयोग नाही, आणि मार्कं बहुतेक तिथेच जातात.

उदाहरण म्हणून गावच्या दूध डेअरीची नोंद प्रणाली घेऊ. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कुठल्याही गटाला हा विषय जवळचा आहे. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला रांग लागते. गाय की म्हैस, किती लिटर, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) किती, त्यावरून तक्त्यातला दर, आणि मग पावती. दोन्ही वेळा रांगेच्या बाजूला उभं राहून पाहा: नोंद करणाऱ्याचे हात ओले असतात का, उजेड किती, वीज गेली तर वही कुठली काढतात, एका माणसामागे किती सेकंद जातात, चूक झाली तर कोण कशी दुरुस्त करतं. सेक्रेटरी नोंद कन्नडमध्ये ठेवतो आणि दूध घालणारी बाई मराठीत विचारते, असंही दिसेल. यातली एकही गोष्ट 'तुम्हाला ॲपमध्ये काय हवं?' असं विचारून कळत नाही. बिल का कमी आलं हा प्रश्न खिडकीवर वारंवार येत असेल, तर बिलाचा हिशेब समजावणारा पडदा हा मुख्य पडदा ठरतो, आणि 'प्रवेश करा' वाला पडदा मागे जातो.

त्यानंतर कागद. ए-फोर कागदाचे चार तुकडे करा, एका तुकड्यावर एक पडदा, जाड पेनने. गटातला एक जण संगणक होतो: समोरच्याने बोट ठेवलं की तो पुढचा तुकडा ठेवतो, एक अक्षर बोलत नाही. दुसरा लिहून घेतो. अडखळण्याची जागा सापडली की तिथेच खोडून बदल करायचा. या टप्प्यावर निम्मे पडदे गळून पडतात, आणि ते तसंच व्हायला हवं.

आता पेनपॉट उघडा. बोर्डाची, म्हणजे एका पडद्याच्या चौकटीची, रुंदी ३६० पिक्सेल ठेवा. साध्या अँड्रॉइड फोनला हे माप जुळतं. बोटाने दाबायची जागा ४८ बाय ४८ पेक्षा लहान नको, आणि ओल्या हातांसाठी दोन बटणांत मोकळी जागा वाढवा. गाय आणि म्हैस ही बटणं शेजारी-शेजारी सारख्याच रंगाची ठेवणं ही या आराखड्यातली सगळ्यात महाग चूक आहे. गायीच्या दुधाला साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात, म्हशीच्या दुधाला ६.० आणि ९.०. बटण चुकलं की दराचा तक्ताच बदलतो, आणि पावती हातात पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. एक बटण बनवलं की ते निवडून कंट्रोल आणि के दाबा म्हणजे त्याचा घटक होतो. मूळ घटक बदलला की सगळ्या प्रती बदलतात. हे सुरुवातीलाच केलं नाही तर वीस पडद्यांवर एकेक बटण हाताने सुधारत बसावं लागतं.

पडदे जोडणं सोपं आहे. प्रोटोटाइप विभागात जाऊन बटणावरून बाण ओढायचा, पुढच्या बोर्डावर सोडायचा. 'नोंद पक्की करू का?' अशी खिडकी ओव्हरले म्हणून, म्हणजे आधीच्या पडद्याच्या वरच, उघडते. इथेच मर्यादा समोर येते: पेनपॉटच्या नमुन्यात (असे जोडलेले पडदे) आकडा खरोखर टाइप करता येत नाही. उपाय असा, की तपासणीत बसणाऱ्याच्या हातात एक चिठ्ठी द्या, '५.२ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.५', आणि तेच आकडे आधीच भरलेले बोर्ड क्रमाने जोडून ठेवा. मात्र त्याने दुसराच आकडा दाबला तर काहीच घडणार नाही. म्हणून या नमुन्यावरून टायपिंगच्या चुका मोजल्या असं अहवालात लिहू नका. ते मोजायचं असेल तर साधं एचटीएमएल पान करा, त्याला दुसरं काही लागत नाही.

अक्षरांच्या बाबतीत पेनपॉट उदार आहे. गुगलचे फाँट तयार मिळतात, स्वतःचे चढवताही येतात. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर फाँट विचारपूर्वक निवडा, कारण अनेक देवनागरी फाँट भाषा सांगितल्याशिवाय हिंदी वळण दाखवतात. तिरो देवनागरी मराठी हा फाँट मराठी वळणच देतो आणि त्याचा भाऊ तिरो कन्नडही आहे. पण दोन्ही वाचनासाठीचे, एकाच वजनाचे. बटणावर बारीक दिसतात. बटणांसाठी नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड ही जोडी बरी. ओळीची उंची १.५ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. प्रत्येक पडदा मराठी आणि कन्नड दोन्हींत करून पाहा: मराठीत एका ओळीत बसलेलं बटण कन्नडमध्ये दोन ओळींवर जातं, ते आत्ताच कळलेलं बरं. अंक मात्र दूध तपासणाऱ्या यंत्रावर दिसतात तसेच ठेवा, म्हणजे आकडा उतरवताना डोळ्याला अडथळा नाही.

तपासणीसाठी शेअर दुवा फोनवर उघडा आणि पाहण्याच्या पद्धतीत 'इंटरॅक्शन दाखवू नका' हा पर्याय निवडा. तो निवडायचा राहिला तर दाबायच्या जागा उजळतात आणि तुम्ही माणसाला उत्तर सांगून मोकळे होता. खानापूरच्या जंगलपट्टीत नेटवर्कचा भरवसा नाही. सगळे बोर्ड पीडीएफमध्ये काढून छापील संच बरोबर न्या.

माणसं किती? निल्सन आणि लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवत असेल, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. पण हे पाच एकाच प्रकारचे असावे लागतात. दूध घालणारे वेगळे, नोंद करणारे वेगळे. दोघांसाठी स्वतंत्र पाच. शेवटी जॉन ब्रुक यांची दहा वाक्यांची एसयूएस ही वापरसुलभता मोजणारी प्रश्नावली घ्या, प्रत्येक वाक्याला १ ते ५ मधलं उत्तर, स्वतः वाचून दाखवा, कारण सम क्रमांकाची वाक्यं नकारार्थी आहेत आणि घाईत उलटं उत्तर दिलं जातं. विषम वाक्याच्या उत्तरातून १ वजा, सम वाक्याचं उत्तर ५ मधून वजा, बेरीज गुणिले २.५. बेरीज २७ आली तर गुण ६७.५. ही टक्केवारी नव्हे; सरासरी ६८ च्या जवळ धरतात, म्हणजे ६७.५ हा मध्यम निकाल आहे.

फिग्मा या अशाच दुसऱ्या साधनाशी तुलना होणारच. फोनवर नमुना दाखवायला फिग्माचं ॲप जास्त सफाईदार आहे आणि शिकायला साहित्यही जास्त मिळतं. ज्याला उन्हाळ्यात नोकरीच्या मुलाखती द्यायच्या आहेत त्याने फिग्मा शिकून ठेवावं. प्रकल्पासाठी आमची पसंती पेनपॉटलाच, कारण फायली महाविद्यालयाच्या हातात राहतात. यूज केस (प्रणालीत कोण काय करतो) किंवा डेटा प्रवाहाच्या आकृत्या मात्र दोन्हींत काढू नका, त्यासाठी ड्रॉ डॉट आयओ आहे.

पेनपॉट प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर बसवायचं असेल तर डॉकर (सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या भागांसह चालवणारं साधन) लागतो. बसवल्यावर ते ९००१ या पोर्टवर उघडतं. दोन ठिकाणी हमखास अडतं. सार्वजनिक पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' (म्हणजे तोच संगणक) तसंच राहिलं, तर सर्व्हरवर चालतं पण बाकी संगणकांवरून नीट चालत नाही. आणि एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) नसताना सुरक्षित कुकीची अट बंद केली नाही, तर पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही. जुन्या संगणकांवर मोठी फाइल रखडते, म्हणून फोटो लहान करून टाका आणि मराठी-कन्नड पडदे वेगवेगळ्या पानांवर ठेवा. सत्र संपायच्या आत प्रत्येक गटाने आपली फाइल पेनपॉटच्या स्वरूपात उतरवून घ्यावी, कारण सुट्टीत सर्व्हर पुसून नव्याने बसवले जातात आणि तोंडी परीक्षा त्यानंतर असते.