लॅटिन मुळांची १२० कार्डं, सात महिन्यांनंतर (माझ्याकडे ११९च आहेत)

आधी एक सांगून टाकते. इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळं शिकवणाऱ्या १२० कार्डांच्या माझ्या डब्यात १०८ नंबरचं कार्ड नाही. १०७ दोनदा आहे. पुढे जे काही चांगलं-वाईट लिहिलंय ते हे लक्षात ठेवून वाचा. मी बावीस वर्षं बँकेत आहे. आमच्याकडे कॅश दहा रुपयांनी कमी भरली तरी कोणी घरी जात नाही.

डबा कोणता ते जाहिराती बघून ओळखलं असेलच. एमआरपी ९९९, मला सेलमध्ये ६४९ला पडला. प्रमोशनच्या परीक्षेत इंग्रजी असतं आणि माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, म्हणून घेतला. मुलगा म्हणाला, "आई, अ‍ॅप घे ना." अ‍ॅपला दर महिन्याला पैसे, कार्डांना एकदाच. शिवाय मुलुंडहून फास्ट लोकलला चढल्यावर एका हातात हँडल असतं, घाटकोपरला नशीब असेल तर चौथी सीट (तिघांच्या बाकावर कडेला टेकायची जागा) मिळते. त्या गर्दीत कार्ड पडलं तर ५ रुपये ४१ पैशांचं नुकसान, फोन पडला तर बोलायलाच नको. (६४९ भागिले १२०. हो, केलाय मी हिशोब.)

पहिले पंधरा दिवस वैतागले होते. लॅटिन धातू पाठ करा, त्याखालचे इंग्रजी शब्द पाठ करा, म्हणजे डबल पाठांतर. मग 'क्रेड'चं कार्ड आलं. क्रेड म्हणजे विश्वास ठेवणे. त्यावरून क्रेडिट, क्रेडिबल, इन्क्रेडिबल. आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ, की हा धातू संस्कृत 'श्रद्धा'च्याच कुळातला. बावीस वर्षं मी लोकांच्या खात्यात श्रद्धा जमा करत होते आणि मला पत्ता नव्हता! नवीन वसुली ऑफिसरना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, म्हणूनच कर्जं बुडतात."

तिथून गाडी जी सुटली! दहावीला माझं १०० मार्कांचं संस्कृत होतं, ते इतक्या वर्षांनी कामाला आलं. डेंट आणि दंत, इग्न आणि अग्नी, नोमेन आणि नाम. 'स्पेक्ट' म्हणजे बघणे, इन्स्पेक्टरमधला, आणि आपलं 'स्पष्ट' त्याच कुळातलं. 'पोन' किंवा 'पॉझ' म्हणजे ठेवणे, म्हणून डिपॉझिट म्हणजे खाली ठेवलेलं. आपण मराठीत ठेवच म्हणतो की. पोस्टपोन म्हणजे नंतर ठेवणे. त्याच चालीवर आपल्याकडे 'प्रीपोन' तयार झाला. त्याला लोक हसतात, पण बांधणी चोख आहे, आणि आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही तो आहे.

सगळ्यात मजा आली ती 'ओम्नि'च्या कार्डाला. ओम्निबस म्हणजे सर्वांसाठी. इंग्रजांनी पुढचं सगळं टाकून दिलं आणि शेपूट तेवढं ठेवलं, 'बस'. ते शेपूट म्हणजे लॅटिनमधला चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय, आपल्या 'देवेभ्यः'मधल्या 'भ्यः'चा भाऊ. म्हणजे ऑफिस सुटल्यावर आपण स्टॉपवर अर्धा तास उभं राहून विभक्तीच्या प्रत्ययाची वाट बघतो.

इथपर्यंतचं कौतुक मी ऑगस्टमध्येच लिहून ठेवलं होतं, पाच तारे देऊन. कार्डं एबीसीडीच्या क्रमाने आहेत, रोज दोन. 'टी' यायला दोन महिने गेले. १०७ 'टेम्प', म्हणजे काळ. त्याच्या मागे पुन्हा १०७ 'टेम्प'. मग थेट १०९.

यादीत बघितलं तर १०८ होतं 'टेन', म्हणजे धरून ठेवणे. जपाच्या माळेतला नेमका एकशेआठवा मणी गायब, आणि तोही धरून ठेवण्याचा!

फोटोसकट ईमेल केला. उत्तर आलं, तक्रारीची मुदत सात दिवस. मी म्हटलं, अहो, १०८व्या कार्डापर्यंत सात दिवसांत पोचणारा माणूस तुम्हाला माहीत आहे का? मग म्हणाले, पूर्ण सेट स्वखर्चाने परत पाठवा. कुरियरचे १२० रुपये, ५ रुपये ४१ पैशांसाठी! फोनवरचा मुलगा बिचारा गोड होता. "मॅडम, टेम्पररी प्रॉब्लेम आहे." त्याला म्हटलं, टेम्पररी कशावरून येतो ते माझ्याकडे दोनदा आहे. सहा फोन झाले. ऑक्टोबरात पाकीट आलं. चहाचं आधण बंद करून उघडलं. आत १०७.

शेवटी भाचीच्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापला आणि १०८ मीच लिहिलं. टेनंट, टेन्युअर, रिटेन, कंटेन, सस्टेन. मेंटेन म्हणजे मूळ अर्थाने हातात धरून ठेवणे, कारण 'मॅनस' म्हणजे हात. आमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीशेजारी हे लावावंसं वाटतंय. आणि टेनेशस म्हणजे चिवट. सहा फोनांनंतर तो पाठ करावा लागला नाही.

आता खऱ्या चुका. 'इन' म्हणजे 'नाही' एवढंच कार्डावर आहे. पण 'इन' म्हणजे 'आत' असा दुसराही आहे, तो सांगतच नाहीत. चेंबूरला मावशीकडे जाताना रिक्षापुढे माहुलच्या रिफायनरीकडून आलेला टँकर होता, त्यावर 'हायली इन्फ्लेमेबल'. कार्डाप्रमाणे तो अजिबात न पेटणारा टँकर! प्रत्यक्षात आत ज्वाळा धरणारा. याच घोळामुळे परदेशात गेल्या शतकात नुसतं 'फ्लेमेबल' लिहायला लागले. तसंच 'पेड' म्हणजे पाय, पेडेस्ट्रियनमधला, आपला पाद. पण लहान मुलांच्या डॉक्टरच्या पाटीवरच्या 'पीडियाट्रिशियन'मधला 'पीडि' ग्रीक, त्याचा अर्थ मूल. कार्डाने दोन्ही एकाच डब्यात कोंबलेत.

आणि जे मला खरंच अडतं ते यात नाहीच. पुट ऑफ, पुट अप विथ (सहन करणे), गेट बाय (कसंबसं भागवणे). ऑफिसात रोज हेच चालतं. साहेब म्हणाले, "मीटिंग पुट ऑफ करा," मी एसी बंद करायला उठले. त्यांना पोस्टपोन म्हणायचं होतं. पोस्टपोन मला मुळासकट येतो हो! पण ते छोटे शब्द इंग्रजांच्या स्वतःच्या घरचे, जर्मन कुळातले. तिथे श्रद्धा, अग्नी कोणी धावून येत नाही. परीक्षा डिसेंबरात झाली. समानार्थीच्या पाच प्रश्नांपैकी चार कार्डांमुळे आले, पुट अप विथचा गेला. निकाल यायचाय.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर जरूर घ्या, सेल असेल तेव्हाच. ९९९ला अजिबात नाही. पावसाळ्यात कार्डं कडेने वळतात, रबरबँड लावून तांदळाच्या डब्याखाली ठेवा. आणि डबा आला की त्याच दिवशी जमिनीवर मांडून एक ते एकशेवीस मोजा.

तिसरं १०७ देवघरातल्या डुगडुगणाऱ्या चौरंगाखाली घातलंय, छान बसलंय. साडेतीन तारे. १०८ आलं तर चार करीन.