झूम एफ३ रेकॉर्डर: काही महिने आउटडोअर शूटला वापरल्यावर

साऊंड रेकॉर्डिस्टला रोजाने बोलावलं असतं तर युनिटच्या जेवणाचे पैसे उरले नसते, इतकंच आमचं बजेट. म्हणून सतत कुणाला लेव्हलकडे (आवाज किती जोरात नोंदला जातोय त्याकडे) बघत बसावं लागणार नाही असा रेकॉर्डर शोधला. २०२२ साली आलेला हा एफ३ घेतला आणि राजापूरकडचं एक कौलारू घर, बंदर, एसटी स्टँड असा सगळीकडे फिरवला.

मशीन तळहातावर मावतं. माइक जोडायला दोन एक्सएलआर इनपुट आहेत, पण गेनचा, म्हणजे येणारा आवाज कमी-जास्त करायचा, नॉबच नाही. आत बारीक आणि मोठ्या आवाजासाठी वेगवेगळे कन्व्हर्टर (आवाज डिजिटल करणारे भाग) असतात आणि फाइल ३२-बिट फ्लोटमध्ये बनते, म्हणजे फार बारीक किंवा फार मोठा आवाजही नंतर एडिटला सावरता येतो. आमचे कलाकार गावातलेच. रिहर्सलला एक आवाज, टेकला भलताच. एका सीनमध्ये आजी नातीच्या कानात कुजबुजते आणि त्याच दमात ओटीवर चढलेल्या कुत्र्यावर ओरडते, "हाड, मेल्या!" नेहमीच्या २४-बिट रेकॉर्डिंगवर कुजबुजीला लेव्हल लावली असती तर ते ‘हाड’ फुटलंच असतं. इथेही एडिटला वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) वरून छाटल्यासारखा दिसला, पण क्लिपचा गेन खाली ओढला तशी टोकं जशीच्या तशी परत आली. त्या टेकलाच पैसे वसूल.

आता "३२-बिट घेतलं की साऊंडची काळजी मिटली" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. फ्लोट फक्त लेव्हल वाचवतं. माइक लांब राहिला तर खोली घुमणारच. फ्रिज, पंखा, रातकिडे, शेजारच्या विहिरीवरची मोटर, सगळं इमानेइतबारे रेकॉर्ड होतं. माइकच ओव्हरलोड झाला तर रेकॉर्डर काय करणार? बंदरावरच्या वाऱ्यापुढे साधा फोम टिकत नाही, केसाळ डेडकॅट (माइकवर चढवायचं फरचं कव्हर) लागतेच. हात आखडता असेल तर आधी चांगला माइक, बूम (माइक लावायची लांब काठी) आणि डेडकॅट घ्या, रेकॉर्डर नंतर. आणि बूम धरायला खमका पोरगा हवा. तो मात्र दुकानात मिळत नाही.

मशीन दोन पेन्सिल सेलवर चालतं. ४८ व्होल्ट फँटम (रेकॉर्डरमधून माइकला दिलेली वीज) लावलं की ते भराभर उतरतात, म्हणून यूएसबी-सीने पॉवर बँक जोडतो. ४८ किलोहर्ट्झला दोन चॅनेल तासाला जेमतेम १.४ जीबी घेतात, त्यामुळे मायक्रोएसडी लवकर भरत नाही. लाइन आउटची (रेकॉर्डरमधला आवाज बाहेर देणारी) वायर कॅमेऱ्यात घालायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. कॅमेऱ्याचा स्क्रॅच साऊंड (फक्त जुळवणीपुरता कच्चा आवाज) आणि एक टाळी असली की दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वेव्हफॉर्मवरून चित्र आणि आवाज जुळवून देतं. प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट रूम टोन (कुणी बोलत नसतानाचा तिथला आवाज) मात्र घ्याच, कितीही घाई असो.

अडचण एकच, इनपुट दोनच. तिघाचौघांना लेपल (कपड्याला लावायचे छोटे माइक) लावायचे असतील तर याच कंपनीचा सहा इनपुटांचा एफ६ बघा, नाहीतर तेवढ्या दिवसापुरतं मोठं मशीन भाड्याने आणा. पंगतीच्या सीनला आम्ही तेच केलं.