रोख पैसे की साडेबारा टक्के प्लॉट?

सरकारनं जमीन घेतली तर मोबदला कशात घ्यावा, हा प्रश्न आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याने खेड्यात जमिनीच्या बाजारभावाला 1 ते 2 ने गुणतात आणि वर तेवढीच दिलासा रक्कम देतात, म्हणजे जास्तीत जास्त चौपट, ऐकायला भारी वाटतं पण भाव धरतात रजिस्ट्री झालेल्या व्यवहारांवरून आणि तिथं स्टॅम्प ड्युटी वाचवायला लोकांनी किंमत कमीच दाखवलेली असते. मूळ आकडाच पडका, मग चौपट करून काय!

नवी मुंबईत मात्र सिडकोचा, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट मिळतो (1984 च्या शेतकरी आंदोलनात पाच जणांचे जीव गेले तेव्हा कुठं हा हक्क मिळाला). एकराला 5 गुंठे, सार्वजनिक सुविधांसाठीची जागा कापून हातात साडेतीन, पण शहराबरोबर त्याचीही किंमत वाढते. ताबा मिळायला मात्र वर्षं जातात, तोवर घर कशावर चालवायचं? तरी मी प्लॉटच म्हणेन, फक्त ताबा मिळेपर्यंत दरमहा पैसे द्यायलाच हवेत.